चेंबर उतरवताना

फियाटचं ऑइल चेंबर उतरवणं हे घाईचं काम नव्हे. आधी इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट करून घ्यायचं, म्हणजे तळाचा गाळही सैल होतो. गाडी स्टँडवर भक्कम टेकवायची; नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नये. ड्रेनचा बोल्ट निघाला की काकवीसारखी काळी, संथ धार घमेल्यात पडते. शेवटचे थेंब फार रेंगाळतात. रेंगाळू द्यावेत.

मग कडेचे बोल्ट. सगळे निघाले तरी चेंबर खाली येत नाही. बुचाचं जुनं पॅकिंग कडक होऊन त्याला धरून बसलेलं असतं. इथे फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. पत्र्याची कड वाकते आणि गळती कायमची मागे लागते. रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलकं ठोकत राहावं. अचानक ते सुटतं आणि त्याचं वजन दोन्ही तळव्यांवर येतं.

वर मान केली की क्रँक दिसतो. तेलाने न्हालेला, शांत. १०८९ सीसीचं हे लहानसं इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यात घडलं आणि टॅक्सीच्या काळ्यापिवळ्या रंगात त्याने मुंबईची ओझी वाहिली. पुढे पद्मिनी नाव मिळालेल्या या फियाटची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. सिग्नलला थांबत, जवळच्या खेपा करत जगलेल्या इंजिनात गाळ जास्त साचतो. शहरातली ती सगळी वर्षं चेंबरच्या तळाशी बोटाला लागतात.

तो गाळ मी चिमटीत घेऊन उन्हात चोळतो. नुसता काळा, मऊ असेल तर जीव भांड्यात पडतो. तांबूस कण चमकले, तर बेअरिंगवरचा पांढरा धातू झिजून खालचं तांबं उघडं पडल्याची शंका घ्यायची. तेलपंपाची जाळी रॉकेलने धुवायची. नवं पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. जोर केला तर बूच चिरडतं आणि तेल पुन्हा पाझरतं.

तुमच्या दारात जुनी फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा तिचं चेंबर उतरवून बघा.