आमच्या ताटांतील कोबी

आमचें शेत नाशिक जिल्ह्यांत असून तेथें दरवर्षीं हिवाळ्यांत कोबी लावितात. कोबी गड्डे धरूं लागला, कीं बाबा दर चवथ्या दिवशीं पाठीस पंप बांधून औषध फवारीत. तरीहि पानें चाळणीसारखीं होतच. पान उलटून पाहावें, तों बोटाच्या पेराहूनहि लहान हिरवी अळी दिसे. स्पर्श होतांच ती वळवळत रेशमी तंतूनें खालीं लोंबकळे. हिचाच पुढें चौकोनी ठिपक्यांचा पतंग होतो.

एके दिवशीं मामा पाहुणे आले. मीं शेतांतून एक गड्डा आणला, तेव्हां आई म्हणाली, "तो राहूं दे. आपल्यासाठीं बाजारांतून आण." मीं सहज विचारलें, "आई, बाजारांतला कोबी तरी कोणाच्या शेतांतला असतो?" ओसरीवर बाबा बसले होते. कोणींच उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं बाबा नीट जेवले नाहींत.

ही हकीकत मीं आमच्या विज्ञानाच्या गुरुजींस सांगितली. ते म्हणाले, "ही कीड औषधांस लवकर सरावते. जावा बेटांत ती डी. डी. टी. सहि जुमानीत नाहीं, असें १९५३ सालींच आढळून आलें होतें. फवारणीनें दुबळ्या अळ्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय अळीच्या अंगांत अंडीं घालून तिचा नाश करणाऱ्या बारीक माश्याहि मरतात." बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें सुचविलेली मोहरीची युक्ति त्यांनींच सांगितली.

यंदां बाबांनीं अर्ध्या एकरांत ती करून पाहिली. कोबीच्या दर २५ ओळींमागें मोहरीच्या दोन ओळी; एक लागणीपूर्वीं १५ दिवस, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनीं पेरावयाची. पतंग अंडीं घालण्यास मोहरी अधिक पसंत करितो; म्हणून औषध मारावयाचें तें त्या ओळींवरच. कोबीवर मात्र निंबोळीचा अर्क. उन्हाळ्यांत वेंचून वाळविलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवावयाच्या व अर्क गाळून त्यांत पाणी घालून तो १०० लिटर करावयाचा. कुटण्याचें काम माझें व धाकट्या बहिणीचें. हातांचा कडू वास कांहीं केल्या जात नसे.

कांहीं गड्ड्यांस भोकें पडलीं व व्यापाऱ्यानें त्यांचा भाव पाडला, हें खरें; परंतु औषधाचा बराच खर्च वांचला. पहिला गड्डा तोडला, तो बाबांनीं तराजूंत न घालतां आईच्या हातीं दिला. आईनें बाहेरचीं पानें काढलीं; आंत एक अळी होती, ती टाकली व गड्डा चिरावयास घेतला.

जें आपल्या मुलांस वाढवत नाहीं, तें दुसऱ्यांच्या मुलांसाठीं कसें विकावें, हा प्रश्न त्या दिवशीं त्या अर्ध्या एकरापुरता तरी सुटला. उरलेलें शेत पुढल्या वर्षीं.

— इयत्ता १० वी