लिहून घेणार

मराठी खरेदीखतांतील दोन शब्द मला नेहमींच अर्थपूर्ण वाटत आले आहेत. घर विकणारा तो ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा तो ‘लिहून घेणार’. विटा, चुना, पैसा यांपैकीं कशाचाहि उल्लेख या शब्दांत नाहीं. मालकी म्हणजे अखेर कोणीतरी कोणाच्या तरी नांवानें कांहीं लिहून देणें, एवढें तत्त्व आमच्या दस्तलेखकांनीं बरोबर ओळखलें होतें. या लिहिण्याबद्दल सरकार जो कर घेतें, तो मुद्रांक शुल्क.

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला या शुल्काचा अनुभव नसावा. सोलापूर महापालिकेच्या हद्दींत घर घेतलें, तर किंमतीवर मूळ पांच टक्के आणि शिवाय स्थानिक अधिभाराचा एक टक्का द्यावा लागतो. तीस लाखांच्या घरास 1 लाख 80 हजार रुपये झाले. नोंदणीचे 30 हजार निराळे. ज्याचें जुनें घर आहे, तो तें विकून ही रक्कम उभी करूं शकतो. पण जो आयुष्यांत प्रथमच घर घेत आहे, त्याला बँक कर्ज देते तें घरासाठीं. मुद्रांकाची रक्कम बहुधा गांठची काढावी लागते. पहिल्या घराचें घोडें पुष्कळदां अडतें तें भिंतीशीं नव्हे, या कागदाशीं.

हें ओळखून इंग्लंडनें 2017 सालच्या नोव्हेंबरांत, प्रथमच घर घेणाऱ्यांना किंमतीच्या पहिल्या तीन लाख पौंडांवर हा कर माफ केला. आमच्या सरकारनेंहि सवलती दिल्या. पण प्रश्न निराळे विचारले. महामारीच्या वर्षीं, 1 सप्टेंबर 2020 पासून डिसेंबरअखेर, शुल्क तीन टक्क्यांनीं उतरविलें. त्या वेळीं पहिलें घर घेणारा आणि पांचवें घेणारा एकाच रांगेंत उभे होते. पुढें 1 एप्रिल 2021 पासून स्त्रीच्या नांवें निवासी घर घेतल्यास एक टक्का सूट मिळूं लागली. असें घर पंधरा वर्षें पुरुषास विकतां येणार नाहीं, ही तिची अट होती. ती 2023 मध्यें निघाली. निघाली तें योग्यच झालें. जें विकण्याची मोकळीक नाहीं, तें अर्धेंच आपलें.

तरीहि या सवलतींत एक विसंगति उरतेच. एखादी श्रीमंत बाई तिसरी सदनिका घेते, तिला सूट आहे. नवराबायको पै पै जमवून दोघांच्या नांवें पहिलें घर घेतात, त्यांना ती नाहीं, कारण दस्तांत पुरुषाचें नांव आलें. आणि आम्हां पांढरपेशांच्या घरांत एक टक्का वांचावा म्हणून बायकोचें नांव घालतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तिची सही व अंगठा घेतात, आणि दस्त नवऱ्याच्या कपाटांत जातो. ती बिचारी सुशिक्षित असूनहि त्यांतील एक ओळ वाचीत नाहीं.

‘हें तुमचें पहिलें घर आहे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तो पंतप्रधान आवास योजनेंत. कुटुंबाच्या नांवें देशांत कोठेंहि पक्कें घर नसावें, आणि नवें घर स्त्रीच्या किंवा तिच्यासह दोघांच्या नांवें असावें, असा तिचा नियम. अशा योजनेंतील दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या पहिल्या दस्ताला राज्यानें मुद्रांक शुल्क ठेवलें आहे अवघें एक हजार रुपये. येथें दोन्ही प्रश्न एकत्र आले, आणि त्यांचें फळ आमच्याच गांवाच्या वेशीवर दिसतें. कुंभारी येथें विडी कामगारांसाठीं उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतींतील दहा हजार घरांचा सोहळा 2006 मध्यें झाला. त्याच गांवीं तीस हजार घरांचें रे नगर आंखलें गेलें. त्यांतील पंधरा हजार घरें 19 जानेवारी 2024 रोजीं कामगारांच्या स्वाधीन झालीं.

माझ्या एका विद्यार्थ्याची आई विड्या वळते. तिला अशाच योजनेंत घर मिळालें. दस्ताचें मराठी समजेना, म्हणून मुलगा तिला घेऊन माझ्याकडे आला. तिची घरची भाषा तेलुगु. मी वाचूं लागलों तशी ती मध्येंच म्हणाली, “सर, हें ‘लिहून घेणार’ कोण?”

“तुम्हीच कीं, बाई.”

“आणि ह्याचे वडील?”

“त्यांचें नांव तुमच्या खालीं आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सारखं भांडण झालं कीं ‘नीघ माझ्या घरांतनं’ म्हणायचे. आतां काय म्हणतील?” मुलगा खालीं पाहूं लागला. मला उत्तर सुचलें नाहीं. मी पुढचें कलम वाचावयास घेतलें. तिनें मात्र मला थांबवून तें एक पान दुसऱ्यांदा वाचावयास लावलें.

कर कमी केला तर विकणारा तेवढी किंमत वाढवील, असें अर्थशास्त्र सांगतें, आणि तें खोटें नाहीं. सरकारचा महसूल बुडतो, हेंहि खरें. म्हणूनच सवलत सरसकट नसावी. जेथें घर पहिलें आहे आणि तें स्त्रीच्याहि नांवें होत आहे, तेथेंच ती भरघोस असावी. नवऱ्याचें नांव जोडीला आलें म्हणून ती हिरावूं नये. आणि सही होण्यापूर्वीं दस्त त्या बाईला समजेल अशा भाषेंत वाचून दाखविण्याचा नियम असावा. त्याला खर्च तो किती येणार!

जातांना त्या बाईनें दस्ताची घडी घातली. मुलानें हात पुढें केला, पण तिनें तो त्याला दिला नाहीं. विड्यांच्या हिशेबाची वही ज्या पिशवींत होती, तींतच तिनें तो ठेवला.