पाच तारे आणि मागची सीट

गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय चालू होता. टाटाची नेक्सॉन घ्यायची की महिंद्राची थ्रीएक्सओ? जुनी सेकंड हँड अल्टो आता थकली आहे, मुलं मोठी झालीत आणि आईचे गुडघे खाली वाकून गाडीत बसू देत नाहीत. उंच गाडीच घ्यायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढचा निर्णय मात्र आमच्या ग्रामपंचायतीच्या अविश्वास ठरावासारखा रोज फिरत होता.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. गाडीची आहे, पण फक्त गाडीची नाही.

दोन्ही गाड्या आपल्याच राज्यात बनतात. नेक्सॉन रांजणगावला, थ्रीएक्सओ नाशिकला. एकीची लांबी ३९९५ मिलिमीटर, दुसरीची ३९९०. हा योगायोग नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला, तेव्हापासून ही फूटपट्टी कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला तेव्हाही तीच वापरली गेली. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. त्याच्या बाहेर गेलात की सरळ ४०. म्हणून क्रेटासारखी ४.३ मीटरची गाडी आमच्या यादीत आलीच नाही, आणि म्हणून या सगळ्या गाड्या मागून कुणीतरी पाटा घालून कापल्यासारख्या दिसतात. त्यावर आपल्या राज्याचा रस्ता कर वेगळा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. माझं महिन्याचं फिरणं बघता डिझेलचा हिशेब बसत नव्हता. पेट्रोल ठरलं. तो वाद एका संध्याकाळीत मिटला.

अडकलो ते सुरक्षेवर. दोन्ही गाड्यांना भारत एनकॅपचे पाच तारे. मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ पैकी गुण नेक्सॉनला २९.४१ आणि थ्रीएक्सओला २९.३६. फरक ०.०५. मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी ४३.८३ आणि ४३. दहावीच्या मार्कलिस्टसारखे हे आकडे मी बायकोपुढे मांडले. ती म्हणाली, "अहो, ते सगळं खरं, पण ही परीक्षा घेतात कशी?"

मला सांगता येईना. मग वाचलं. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. गाडीचा समोरचा ४० टक्के भाग एका अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांच्या बाहुल्या असतात. मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या बाहुल्या, त्याही चाइल्ड सीटमध्ये बांधलेल्या. म्हणजे या धडकेत माझ्या आईच्या वयाचं कुणी मागच्या सीटवर बसलेलंच नसतं. पट्टा न लावलेलं तर कुणीच नसतं.

आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून समृद्धी जाते. तिथं कारला १२० ची परवानगी आहे. ६४ च्या जवळपास दुप्पट वेग, पण धडकेची ताकद दुप्पट होत नाही, साडेतीन पट होते. चाचणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला पहिल्यांदाच, आणि तिथून आपल्याकडे गिऱ्हाईक शोरूममध्ये तारे विचारायला लागलं. त्याआधी 'ॲव्हरेज किती देते' यापुढे आपण जात नव्हतो. फक्त हे तारे ज्या अटींवर मिळतात त्या अटी आपण गाडीत बसल्यावर पाळतो का, एवढाच मुद्दा आहे.

इथं मला माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल.

मी वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितोय. आमचं एक वाक्य पाठ आहे, 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने'. डोळे मिटून टाइप होतं. काही वर्षांपूर्वी रात्री अकराला फोन आला, मी आणि फोटोग्राफर गेलो. एक कार पुलाच्या कठड्याला धडकली होती. पुढचे दोन्ही फुगे उघडलेले. पुढचे दोघं नवरा-बायको चालत रुग्णवाहिकेत गेले. मागे बसलेली म्हातारी जागेवर गेली होती. दवाखान्यात तो मुलगा मला म्हणाला, "भाऊ, आम्हाला तर काहीच नाही झालं हो. आईलेच कसं झालं?" त्याच्या शर्टावर फुग्याची पांढरी पूड होती. मागच्या सीटचा पट्टा कुणी लावला नव्हता, हे मला दिसलं होतं. मी लिहिलं काय? 'भरधाव कार कठड्यावर आदळून वृद्धा ठार'. पट्ट्याचं एक अक्षर नाही. का नाही लिहिलं? कुणी विचारलं नाही म्हणून. आणि लिहिलं असतं तर त्या मुलाला दोष दिल्यासारखं झालं असतं, असंही तेव्हा वाटलं होतं.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ लोक गेले अशी नोंद आहे. त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात गेले, तेही मागच्या सीटवर. पोलिसांनी सांगितलं की मागे बेल्ट लावलेले नव्हते. आठ दिवस देशभर चर्चा झाली. मुंबईत मागच्यांनाही सक्ती झाली. आमच्याकडे काय झालं? काही नाही. मागच्या सीटचा हजार रुपये दंड कायद्यात आहे, पण तो भरलेला माणूस मी आमच्या तालुक्यात अजून पाहिलेला नाही.

दोन्ही शोरूममध्ये मी आधी मागच्या सीटवर जाऊन बसलो. सेल्समनला वाटलं, सर ड्रायव्हर ठेवणार. दोन्हीकडे तोच प्रकार. डेमो गाडीला रेक्झिनचं सीट कव्हर चढवलेलं आणि पट्टा अडकवायची खाच कव्हरखाली गाडलेली. पट्टा ओढला, अडकवायचा कशात? पोरगा बिचारा कव्हरखाली हात घालून चाचपडत राहिला. "सर, मागे कोणी लावत नाही ना, म्हणून." कंपनी सहा एअरबॅग देते, पाचही सीटला तीन ठिकाणी धरणारा पट्टा देते, आणि गिऱ्हाइकाला खूश करायला आपण त्यावर पंधरा हजारांचं कव्हर शिवतो. पुढच्या सीटच्या कडेचा फुगा त्या शिवणीतून फुटून बाहेर यायचा असतो, तेही कुणी सांगत नाही. पट्ट्याची पिप्-पिप् बंद करायच्या खोट्या क्लिपा ऑनलाइन विकू नका, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढला. त्या आमच्या स्टँडसमोरच्या रेडियमच्या दुकानात आजही टांगलेल्या आहेत.

अजून एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर उद्या कमेंटमध्ये कुणीतरी सांगेल. या दोन शोरूमपैकी एकाची दिवाळी पुरवणीत पानभर जाहिरात असते, आणि ती आणायची जबाबदारी माझ्यावर असते. कोणतं शोरूम ते लिहीत नाही. मालकाने सूट देऊ केली, यादीत नसलेली. मी नको म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही. त्या सुटीनंतर ही पोस्ट लिहिता आली नसती, आणि सीट कव्हरबद्दल तर नाहीच.

शेवटी निकाल आईने लावला. दोन्ही गाड्यांत तिला बसवून चक्कर मारली. मागे मुलं दोन बाजूंना, आई मध्ये. ती पहिल्यांदा म्हणाली, "मागं बसणाऱ्याले कायले पाह्यजे पट्टा? आपण का गाडी चालवून राह्यलो?" मी त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. आई गप्प बसली. मग स्वतःच पट्टा ओढला. थ्रीएक्सओमध्ये तिघं जण खांद्याला खांदा न घासता बसले आणि मधल्या सीटवर तिचा पट्टा एका हाताने लागला. तिची रुंदी १८२१ मिलिमीटर, नेक्सॉनची १८०४. कागदावर दीड-दोन सेंटिमीटर, पण शेजारी नातू असताना फार मोठे. नेक्सॉनची डिकी मोठी आहे, ३८२ लिटर, आणि तिचं सर्व्हिस सेंटर आम्हाला जवळ पडतं. सामान जास्त नेणाऱ्याने, चौघंच असणाऱ्याने ती घ्यावी, चांगली गाडी आहे. आम्ही पाच जण आहोत. थ्रीएक्सओ बुक केली.

बुकिंगच्या फॉर्मवर 'सीट कव्हर' समोर 'नको' लिहिलं. पोराने दोनदा विचारलं, "सर, सीट खराब होतील."

गेल्या सोमवारी पुन्हा एक अपघात झाला. ठाण्यातल्या हवालदारांना विचारलं, मागच्यांनी बेल्ट लावले होते का? ते म्हणाले, "भाऊ, आधी माणसं बाहेर काढायची का बेल्ट पाहायचे?" बरोबरच होतं त्यांचं. मी बातमीच्या शेवटी एक ओळ टाकली, मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावले होते का हे समजू शकले नाही. सकाळी पेपर उघडला. जागा कमी पडली म्हणून डेस्कने नेमकी तीच ओळ काढली होती. संध्याकाळी फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी ती ओळ वर घेतो, दुसऱ्या परिच्छेदात. 'बघू' म्हणाले.

ता. क. ॲव्हरेज विचारणाऱ्यांनी दोन महिने थांबावं.