अर्धी काळी वर्तुळं

पुतणीचा बी.एस्सी.चा प्रकल्प सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर. नागपूरकडे हा विषय घरचाच. तिने आमच्या घराण्याचा तक्ता काढलाय: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, वाहक असेल तर आकृती अर्धी काळी. माझं वर्तुळ अर्धं काळं निघालं. त्रास काही नाही. वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षणच मिळतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, बस्स. पण आईबाप दोघंही वाहक, तर दर बाळंतपणात बाळाला आजार असण्याचा २५ टक्के धोका.

गुडघे धरून रात्रभर कण्हणारी, लहानपणीच गेलेली आत्या आठवली. आजी नजर लागली म्हणायची. आत्याच्या वर्तुळात पुतणीने प्रश्नचिन्ह ठेवलंय, आणि मला ते पुसावंसं वाटत नाही. लेकीची तपासणी राहिलीय. तिचं लग्न ठरतंय; विषय काढायचा कोणी?