शेवटचे खात्रीचे ठिकाण

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातील सूचनाफलकावर एक कागद गेले कित्येक महिने लागलेला आहे. पावसाळ्यात त्याच्या कडा वळल्या, शाई थोडी फिकट झाली. परंतु आकडे अजून स्पष्ट वाचता येतात. शाळेला भेट देण्यास येणारे गृहस्थ त्या कागदापुढे थांबतात आणि हटकून विचारतात, ''हे शून्य कसले?'' मग आम्हांला सारी हकीकत सांगावी लागते. ती आपल्या मासिकाच्या वाचकांपुढेही ठेवावी, असे आज मनात आले.

तो कागद म्हणजे एका स्पर्धेचा निकाल आहे. तालुक्यातील पाच शाळांनी मिळून एका हंगामात चार फेऱ्यांची सांघिक स्पर्धा घेतली. खेळाचे नाव ओरिएंटिअरिंग. हे नाव काही मुलांच्या जिभेवर बसेना. म्हणून त्यांनी 'नकाशाधाव' असे सुटसुटीत नाव देऊन टाकले. आम्हीही येथे तेच वापरू.

खेळ समजण्यास सोपा आहे. खेळाडूच्या एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरी निशाणे लावलेली असतात. त्यांना ठाणी म्हणू. नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली ही ठाणी क्रमाने गाठावयाची, प्रत्येक ठिकाणी आपल्या कार्डावर खूण उमटवावयाची आणि शक्य तितक्या लवकर परत यावयाचे. दोन ठाण्यांमध्ये वाट कोणती धरावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. एक जरी ठाणे राहिले, तरी सारी धाव बाद. आमच्या स्पर्धेत संघ चौघांचा असे व त्यांतील उत्तम तिघांच्या वेळांची बेरीज धरली जाई. तासाभरात तिघेही पुरे झाले नाहीत, तर संघाला शून्य. एरवी पहिल्या संघाला पाच गुण, दुसऱ्याला चार, असे उतरत पाचव्याला एक.

हा खेळ जन्मला उत्तरेकडील थंड देशांत. तेथील सैन्यात नकाशावरून वाट काढण्याचे शिक्षण देत. त्यातून तो निघाला. नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळ ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी सामान्य नागरिकांची पहिली स्पर्धा झाली, तीत अवघे आठ जण धावले. पुढे स्वीडनमधील एर्न्स्ट किलांडर या सैनिकी अधिकाऱ्याने, तरुणांना रानाची ओढ लागावी म्हणून, मार्च १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली. तिला दोनशेहून अधिक स्पर्धक आले. त्यालाच या खेळाचा जनक मानतात. १९६१ मध्ये दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला.

सांघिक धावेची आम्हांला सर्वांत आवडलेली हकीकत मात्र फिनलंडची आहे. तेथे १९४९ पासून 'युकोला' नावाची स्पर्धा दरवर्षी जून महिन्यात होते. रात्री सुरू झालेली ही धाव सकाळपर्यंत चालते. संघात सात गडी. एक आला की दुसऱ्याने निघावयाचे. सातच का? तर आलेक्सिस किवी या लेखकाच्या १८७० सालच्या 'सात भाऊ' या कादंबरीतील भावंडांच्या घराचे नाव युकोला. हे भाऊ अक्षरे गिरवण्याच्या जाचाला कंटाळून रानात पळून जातात आणि अखेरीस वाचावयास शिकूनच माणसांत परततात. शिक्षकाच्या पेशातील मनुष्याला ही गोष्ट न आवडली तरच नवल! वर्गात ती सांगताच एका मुलाने हात वर केला: ''सर, आपल्याकडे सात बहिणी आहेत ना!'' खरेच की. मुळगावची केळबाई, शिरगावची लइराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, अशा सात बहिणींची कथा आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. त्या दिवसापासून मुलांना हा खेळ परका राहिला नाही.

नकाशा वाचण्यास शिकविताना प्रारंभी गंमत झाली. या खेळाच्या नकाशात मोकळे, धावण्याजोगे रान पांढरे ठेवतात आणि हिरवा रंग देतात तो दाट झाडीला. ''रान पांढरे कसे, सर?'' असे साऱ्यांनी विचारले. तपकिरी रेषा चढउताराच्या, निळ्या पाण्याच्या, काळ्या खुणा खडकांच्या व बांधकामांच्या, जांभळ्या तिरप्या रेषा जेथे पाऊल टाकावयाचे नाही त्या जागेच्या. नकाशा आधी फिरवून उत्तरेशी जुळवून घ्यावा, आपण उभे असू तेथे आंगठा ठेवावा, पुढे जाऊ तसा आंगठाही पुढे न्यावा. आणि एक नियम आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता: 'वाट चुकल्यास पुढे धावू नये. जे शेवटचे ठिकाण खात्रीने ओळखता आले होते, तेथे परत यावे.'

पहिल्या फेरीत आमचा संघ तिसरा आला, दुसरीत दुसरा. मुलांना हुरूप आला. आम्हांला, खरे सांगावयाचे तर, थोडा गर्वच झाला. त्यात तिसरी फेरी मुळगावच्या बाजूस सड्यावर ठरली.

आम्ही जन्माने मुळगावचे. खाली खाजनातील भातशेती, मध्ये घरे व कुळागरे, वर काजूची झाडे आणि त्याहून वर जांभ्याचा उघडा सडा, हे सारे आमच्या डोळ्यांत लहानपणापासून भरलेले. वैशाखात शिरगावच्या लइराईच्या जत्रेला वडिलांचा हात धरून आम्ही सडा ओलांडून चालत जात असू. ती वाट डोळे मिटूनही चालता येईल, अशी आमची खात्री होती.

स्पर्धेचा नकाशा दुसऱ्या एका शाळेतील तरुण शिक्षकाने महिनाभर पायी फिरून तयार केला होता. प्रमाण एकास दहा हजार. कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील शंभर मीटर. निघण्यापूर्वी पाच मिनिटे नकाशा हाती मिळे आणि तेवढ्या वेळात शिक्षकाला आपल्या मुलांशी बोलता येई. आम्ही नकाशावर नजर टाकली. चौथ्या ठाण्याकडून पाचव्याकडे जाण्यास लांबचा वळसा होता. आम्ही म्हणालो, ''वळसा कशाला घेता? गडग्यापासून सरळ पश्चिमेला उतरा. तेथे जुनी पायवाट आहे.''

संघातील सर्वांत लहान मुलगी नकाशा पाहत म्हणाली, ''सर, ही वाट यात दिसत नाही.''

आम्ही हसून उत्तर दिले, ''नकाशा काढणाऱ्याने सडा महिनाभर पाहिला. आम्ही पन्नास वर्षे पाहतो आहोत.''

ती गप्प राहिली. मुख्याध्यापकापुढे बारा वर्षांच्या मुलीने आणखी काय बोलावे?

ती मुलगी वेळेत परत आली. तिच्यामागून दुसरी एक मुलगी आली. दोघींनीही वळसा घेतला होता. दोघे मुलगे मात्र आले नाहीत. तास भरला. सव्वा तास झाला. बाकीचे संघ पाणी पीत, गप्पा मारीत बसले होते. आम्ही उभेच होतो. आता आम्हांला तो भाग जांभळ्या तिरप्या रेषांसकट आठवू लागला आणि त्या रेषांचा अर्थही कळू लागला.

डिचोली तालुक्यातील खाणींची कथा वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. लोहखनिजासाठी येथील डोंगर अनेक दशके खणले गेले. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, नंतर काही काळ सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये ते पुन्हा बंद पडले, आणि डिचोली भागात २०२४ मध्ये परत सुरू झाले. खाण म्हणजे केवळ खड्डा नव्हे. खनिज काढताना निघालेल्या टाकाऊ मातीचे ढीग शेजारी उभे राहतात. त्यांवर झुडपे माजतात आणि नव्या माणसाला तो ढीगच मूळचा डोंगर वाटतो. हे सर्व आम्हांला ठाऊक होते. भूगोलाच्या तासाला आम्ही ते शिकविलेही होते. तरी आमच्या मनातला सडा वडिलांचा हात धरून चालण्याच्या वयाचाच राहिला होता.

शोधावयास गेलेल्या स्वयंसेवकांना दोघे मुलगे गडग्यावर बसलेले सापडले. आमच्या सांगण्याप्रमाणे ते पश्चिमेला उतरले होते. पायवाट नव्हतीच. ती जुन्या मातीच्या ढिगाखाली केव्हाच गेली होती. ढिगावरून पलीकडे जाताच खाली हिरवट पाण्याने भरलेला खोल खड्डा दिसला. धाकटा म्हणाला, काठाकाठाने जाऊ. मोठा म्हणाला, नको. तो आम्हांला पुढे म्हणाला, ''सर, तुम्हीच फळ्यावर लिहिले होते ना? शेवटचे खात्रीचे ठिकाण गडगा होता. म्हणून परत आलो आणि बसून राहिलो.''

त्या मुलाने आमची एक शिकवण पाळली म्हणून तो धोक्यात गेला आणि दुसरी पाळली म्हणून सुखरूप परत आला. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही साऱ्या शाळेपुढे उभे राहून सांगितले की, संघाला मिळालेले शून्य मुलांचे नाही, आमचे आहे. आणि त्या लहान मुलीचे म्हणणे बरोबर होते. तीस वर्षांच्या नोकरीत मुलांपुढे अशी कबुली देण्याचा हा पहिलाच प्रसंग. आवाज थोडा कापला. मुले मात्र शांतपणे ऐकत होती. मुलांच्या पालकांच्या घरीही आम्ही स्वतः गेलो. एका माउलीने पाणी दिले, बसावयास सांगितले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. ते न बोलणे आम्हांला योग्य वाटले.

चौथ्या फेरीत पाच मिनिटांसाठी नकाशा हाती आला, तेव्हा आम्ही एवढेच विचारले, ''तुम्हांला काय दिसते?'' चारही डोकी नकाशावर वाकली. लहान मुलगी बोट फिरवीत होती, मोठा मुलगा शंका काढीत होता. आम्ही ऐकत राहिलो. त्या फेरीत आमचा संघ पहिला आला.

हंगामाची बेरीज अशी: तीन, चार, शून्य, पाच, एकूण बारा. पहिल्या शाळेचे पंधरा, दुसरीचे तेरा. आम्ही तिसरे. गणितात हुशार असलेल्या धाकट्याने हिशेब करून आणला की, त्या फेरीत नुसते दुसरे आलो असतो तरी सोळा गुण होऊन ढाल आपल्याकडे आली असती. हिशेब बिनचूक होता. आम्ही त्याची पाठ थोपटली.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आहेत. प्रत्येक घरात आजोबांनी सांगितलेला मूळ गावाचा एक नकाशा असतो: येथे विहीर, तेथे वड, पलीकडे नदीची वाट. तो जपावा, त्याच्यासारखी ठेव नाही. मात्र त्या नकाशाच्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलांना वाट दाखविण्याआधी एकदा तेथे पायी जाऊन यावे. आम्ही तर गावातच राहत होतो, तरी वीस वर्षांत त्या सड्यावर गेलो नव्हतो.

तो कागद काढून टाकावा, असे एकदा शिपायाने सुचविले. आम्ही नको म्हटले. शून्यापुढे थोडी जागा मोकळी होती. तेथे आम्ही आमच्या हाताने लिहिले आहे: 'कारण: मुख्याध्यापकांची चुकीची सूचना.' खाली सही केली आहे. यंदा पाचवीत आलेली मुले ते अक्षर लावून वाचतात आणि आमच्याकडे पाहतात. पुढच्या हंगामासाठी सड्याचा नकाशा नव्याने काढावयाचा आहे. दर रविवारी सकाळी ती लहान मुलगी, बाकीचे तिघे आणि आम्ही वर जातो. मोजपट्टी तिच्या हाती असते. आम्ही वही धरतो.