संकोचाने दाखविलेली वाट

मानवी देहातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मात्र स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करते आणि गरजेप्रमाणे विशिष्ट काम करणाऱ्या पेशींचे रूपही घेऊ शकते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या करून वाढविल्या, तेव्हा झिजलेले अवयव सावरण्याची आशा जागी झाली. पण त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत होता. हे भ्रूण वंध्यत्वावरील उपचारांत उरलेले आणि संमतीने दिलेले असले, तरी जे कोणाला नको आहे ते मोलाचेही नाही, असे म्हणता येत नाही. आणि रुग्णाच्या वेदनेकडे पाठ फिरविणे हाही काही धर्म नव्हे.

या पेचातून पुढची वाट नैतिक संकोचानेच दाखविली. जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी मित्राच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला, तेव्हा त्यांना त्याच्यात आणि आपल्या मुलींमध्ये फारसे अंतर जाणवले नाही, आणि दुसरा मार्ग असलाच पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींमध्ये केवळ चार जनुके घालून त्यांना भ्रूणपेशींसारखी मूळावस्था परत मिळवून दिली, पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही ते साधले, आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

भ्रूणाचा प्रश्न त्यामुळे सौम्य झाला, तरी नीतीचा प्रश्न संपला नाही. तो रुग्णाच्या उशाशी येऊन उभा राहिला. जपानी नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या चमूने २०१४ मध्ये कोबे येथे अशा मूळावस्थेत परत आणलेल्या पेशींपासून तयार केलेला दृष्टिपटलाचा थर एका रुग्णाच्या डोळ्यात बसविला. मात्र दुसऱ्या रुग्णासाठी सिद्ध केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळताच त्यांनी ते रोपण थांबविले. हे थांबणे रोपणाइतकेच मोलाचे होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही, रक्ताच्या विकारांसारख्या मान्य आजारांतील अस्थिमज्जा रोपण वगळता, मूलपेशींचा वापर रीतसर चाचण्यांपुरता मर्यादित ठेवला. कारण असाध्य रोगाने खचलेले कुटुंब आशेपोटी किंमत विचारीत नाही, आणि म्हणूनच त्या आशेचा बाजार मांडणे हा अपराध ठरतो.

भ्रूणाला बोलता येत नाही आणि हताश रुग्णाला नाही म्हणता येत नाही. या दोघांच्या वतीने थबकणे हे ज्ञानाचे कर्तव्यच आहे.