पहिला पेला

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरांत तिच्यावरून दोन पक्ष पडले आहेत. मिळाली ती गाय बांधून घ्यावी आणि दूध काढावें, हें एका पक्षाचें मत. ज्यानें गाय दिली त्यानें दुधाचा हिशेब कोठें तरी मांडून ठेवलाच असला पाहिजे, हें दुसऱ्याचें. पहिल्या पक्षाचे पुढारी आमचे चिरंजीव असून सूनबाई, नात आणि अलीकडे आमचें कुटुंबही त्यांनाच मिळालें आहे. दुसऱ्या पक्षांत आम्ही एकटे आहों. आणि त्या एकट्याची निष्ठाही मध्यंतरीं कशी डळमळली, तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

ज्या गाईवरून हा वाद माजला ती म्हणजे यंत्रांची कृत्रिम बुद्धि. 2025 सालीं तिचे दाते आपल्या देशांत इतके उदार झाले कीं कर्णानेंही मान खालीं घालावी! जुलै महिन्यांत एअरटेलनें आपल्या ग्राहकांस पर्प्लेक्सिटीची वर्षभराची सेवा मोफत दिली व तिची किंमत 17,000 रुपये म्हणून जाहीर केली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओनें गूगलच्या जेमिनीची अठरा महिन्यांची सेवा देऊं केली. तिची किंमत 35,100 रुपये. नोव्हेंबरच्या 4 तारखेपासून ओपनएआयनें आपली महिना 399 रुपयांची चॅटजीपीटी गो ही सेवा वर्षभर फुकट खुली केली. ज्या बाजारांत भाजीवाला कोथिंबिरीची काडी वर टाकतांना दोनदां विचार करतो, तेथें पस्तीस हजारांची वस्तु कोणी ओंजळींत घालूं लागला म्हणजे घेणाराचे डोळे दिपावेत, हें साहजिकच आहे. आमच्या घरींही अशीच एक देणगी चिरंजीवांच्या मोबाइलच्या वाटेनें आली. त्या रात्रीं जेवणावर गोड नव्हतें, एवढेंच.

आम्हांला मात्र त्या वेळीं चहाची आठवण झाली. हिंदुस्थानांत चहा पिकत असे, पण सामान्य माणूस तो पीत नसे. 1903 सालीं परदेशीं जाणाऱ्या चहावर कर बसवून त्याच्या प्रसाराकरितां निधि उभारण्यांत आला. पुढें 1930 नंतरच्या मंदींत माल अंगावर पडूं लागला, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि घरच्या गिऱ्हाइकाकडे वळली. प्रचारक मंडळी चहाचीं भांडीं घेऊन बाजारांत आणि जत्रांत फिरूं लागली. आयता चहा लोकांच्या हातीं फुकट देऊं लागली. तो कसा करावा, याच्या पाट्या रेल्वेच्या स्टेशनांवर लागल्या. मागच्या पिढ्यांनीं तो पहिला पेला संकोचानें घेतला. दुसऱ्या पेल्याचे पैसे आम्ही आजतागायत भरीत आहों. चहावर आमचा राग नाहीं. हा लेखही त्याच्याच आधारानें पुढें सरकत आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, त्या भांड्यांतून फुकट मिळाली ती सवय. चहा मागाहून विकत घ्यावा लागला.

या नव्या पेल्याचा खर्च तर चहाहून अवघड आहे. पुस्तक एकदां छापलें कीं एकच प्रत दहा जणांनीं वाचली तरी छापणाराचें कांहीं जात नाहीं. यंत्राच्या बुद्धीचें तसें नाहीं. तिनें अपार मजकूर पचविलेला असतो. त्याच्या जोरावर पुढें कोणता शब्द यावा, याचा अंदाज करीत ती उत्तर जुळविते. आणि हें गणित प्रत्येक प्रश्नागणिक नव्यानें करावें लागतें. त्याला महागड्या चिप लागतात, वीज लागते, तापलेलीं यंत्रें निवविण्याची सोय लागते. आयर्लंड देशांत 2015 सालीं मोजल्या गेलेल्या विजेपैकीं शेंकडा 5 वीज डेटा सेंटरांना लागत होती. 2023 सालीं ती शेंकडा 21 झाली, म्हणजे त्या देशांतील शहरांतल्या सगळ्या घरांहूनही अधिक. त्या सर्वच इमारतींतून ही बुद्धि नांदते असें नव्हे; परंतु वाऱ्याची दिशा त्यावरून कळते. आमची नात गमतीनें मांजराच्या बारशाची निमंत्रणपत्रिका लिहवून घेते, तेव्हां कोठें तरी मीटर फिरत असतो. आज तें बिल कंपनी भरते. कंपनी ही काशीयात्रेला निघालेली नव्हे. तेव्हां उद्यां तें कोणापुढें यावयाचें, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

तें कसें येतें, याचा एक मासला ऑस्ट्रेलियांत पहावयास मिळाला. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगानें 2025 च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. लिहिण्या-मोजण्याच्या नेहमींच्या साधनांत कंपनीनें आपला कोपायलट नांवाचा बुद्धिमान मदतनीस घातला आणि एका माणसाची वार्षिक वर्गणी 109 डॉलरांवरून 159 वर, कुटुंबाची 139 वरून 179 वर नेली. आयोगाचें म्हणणें असें कीं, मदतनीसावांचून जुन्याच दरांत राहण्याचा तिसरा मार्ग होता. परंतु सुमारें 27 लाख ग्राहकांना तो सांगण्यांत आला नाहीं. वर्गणी बंद करावयास निघालेल्यालाच तो वाटेंत दिसे! नोव्हेंबरांत कंपनीनें क्षमा मागितली आणि पैसे परत देऊं केले. आमच्या लहानपणीं वाणी तुरीच्या डाळींत खडे मिसळी, तेव्हां निदान ते वेंचून टाकतां येत.

असा सगळा पुरावा गोळा करून आम्ही घरांत व्याख्यान देण्याच्या तयारींत होतों. इतक्यांत आमचे एक बाळमित्र वारले. आठवीपासूनचा स्नेह, कागद पुढें घेऊन बसलों तर तीन दिवस एक ओळ उतरेना. चौथ्या दिवशीं सर्व मंडळी बाहेर गेलेली पाहून आम्हीं तो फुकटचा पेला तोंडाला लावला. मित्राचें वय, व्यवसाय, आमचा स्नेह किती वर्षांचा, एवढें सांगतांच सुरेख सांत्वनपत्र समोर उभें राहिलें. शुद्धलेखनाची एक चूक नाहीं, शोकाला कोठें अतिरेक नाहीं. आम्हीं तें आपल्या अक्षरांत उतरून काढलें आणि पाठविलें.

पंधरा दिवसांनीं वहिनींचें उत्तर आलें. पत्र पोंचल्याचें, दिवसकार्य नीट पार पडल्याचें लिहून शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें: ‘तुम्ही ह्यांना जन्मभर बंड्या म्हणालांत. पत्रांत स्नेही म्हटलेंत. वाचतांना क्षणभर वाटलें, हें दुसऱ्याच कोणाचें आलें.’

तें वाक्य आम्हांला त्या दिवशीं जेवूं देईना. अखेर चिरंजीवांजवळ सर्व कबूल केलें. ते हंसले नाहींत. म्हणाले, ‘बाबा, बंड्या हें नांव तुम्ही सांगितलें असतें तर त्यानें तेंही घातलें असतें.’ हें खरें आहे. त्यांत यंत्राचा दोष काढतां यावयाचा नाहीं. पण तें सांगण्यासाठीं आधीं आठवावें लागलें असतें. आणि आठवण्याचा त्रास चुकावा म्हणूनच तर आम्ही यंत्राकडे गेलों होतों. त्या पत्राला एक पैही पडली नव्हती. वहिनींना मात्र तें महाग पडलें.

तेव्हांपासून आमच्या घरांत तह झाला आहे. देणगी परत केलेली नाहीं. सूनबाईंच्या कचेरीच्या कामांत तिचा उपयोग होतो, आणि तो नाकारणें हा निव्वळ हट्ट होईल. मात्र फुकटाची मुदत ज्या दिवशीं संपते ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तांबड्या शाईनें लिहिली आहे. जमाखर्चाच्या वहींतही एक नवें पान काढलें आहे. पूर्वीं आपण जें स्वतः करीत होतों आणि आतां यंत्राकडून करवून घेतों, तें ज्याचें त्यानें तेथें लिहावयाचें. मुदत संपेल त्या दिवशीं तें पान वाचून वर्गणी भरावी कीं नाहीं, हें ठरवावयाचें. नातीनें तेथें प्रामाणिकपणें ‘निबंधाची सुरुवात’ असें लिहिलें आहे. आमच्या नांवावर एकच ओळ आहे.

वहिनींना दुसरें पत्र आम्हीं स्वतः लिहिलें. त्यांत बंड्या सात वेळां आला, चार ओळी खोडाव्या लागल्या, आणि शाळेच्या भिंतीवरून उडी मारतांना त्याचें धोतर अडकल्याची हकीकत लिहितांना अक्षरही बिघडलें. पहिलें पत्र कोणीं लिहिलें होतें, तेंही शेवटीं कळविलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों.